पप्पांच्या पेशीतले ग्रह

"मम्मी, हात लाव ना. मऊ आहे," म्हणत गिरिजानं तो गोळा थेट माझ्या नाकासमोर धरला.

यंत्रमागाखालून काढला होता. बुंदीच्या लाडवाएवढा, राखाडी. सुताचं तूस, कुणाकुणाचे केस, वंगणाचा डाग आणि वाळलेली एक माशी. शिवाय एका बाजूला काहीतरी तपकिरी, चिकट, अर्धवट सुकलेलं. ते काय आहे हे मला लगेच कळलं. तंबाखू-सुपारीचा मावा चघळून कुणीतरी भिंतीकडेला पिंक टाकली होती आणि हा गोळा गडगडत तिच्यावरून गेला होता.

"टाक ते! आधी टाक!"

"टाकू कसं? हा गुरू आहे."

"कोण गुरू?"

"गुरू ग्रह गं. सगळ्यात मोठा सापडलाय मला."

मी तिचं मनगट धरून तिला नळाखाली ओढलं आणि कोपरापर्यंत साबण चोळला. ती दुसऱ्या हातानं गोळा उंच धरून उभी, भिजू नये म्हणून.

इचलकरंजीतलं आमचं घर वर होतं आणि खाली माग. लग्न होऊन मिरजेहून आले तेव्हा मला खडखडाटाची भीती होती. त्याची सवय झाली. तुसाची कधीच झाली नाही. दुधावरच्या सायीत तूस. कंगव्यात तूस. गिरिजा तान्ही असताना तिच्या पापण्यांवर बसलेलं तूस मी ओल्या बोळ्यानं टिपत असे. सासूबाईंना, म्हणजे आत्तींना, ते हास्यास्पद वाटायचं. "सुताची धूळ म्हंजे लक्ष्मी गं. हिच्यावरच वाढलाय माझा महांतेश." महांतेश माझा नवरा. वाढला होता खरा. त्या लक्ष्मीबरोबर तोंडात मावा धरायलाही इथंच शिकला होता.

गिरिजाच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. आमच्याकडे प्रदर्शन म्हणजे स्टेशनरीच्या दुकानात जायचं आणि थर्माकोलची तयार सूर्यमाला घेऊन यायची. झालं की ती शेजारच्या पोराला द्यायची, त्यानं पुढच्या वर्षी शनीची तुटलेली कडी चिकटवून मांडायची. मीही तेच करणार होते. पण गिरिजानं दुकानाच्या पायरीवरच बसकण मारली.

"ते खोटं आहे. त्यात ग्रह झालेलेच आहेत. ते होतात कसे ते कुठाय?"

"पुस्तकात आहे की."

"आपल्या घरात पण आहे," ती म्हणाली. "माग चालू असला की तूस उडतं का? उडून एकमेकाला चिकटतं. वाऱ्यानं फिरतं आणि फिरता फिरता मोठं होतं. सूर्याभोवती पण आधी नुसती धूळच फिरत होती मम्मी. धुळीला धूळ चिकटली, त्याचे खडे झाले, खड्यांचे धोंडे झाले. आणि एवढा मोठा धोंडा झाला ना, की मग चिकटायला कुणी यावं लागत नाही. तो आपणच बाकीच्यांना ओढून घेतो."

सूर्याभोवतीच्या त्या चकतीबद्दल मी कॉलेजात कुठंतरी ओझरतं वाचलं होतं. बी.एस्सी. प्राणिशास्त्रातलं, ग्रहांशी माझा संबंध नाही. पण पोरगी बोलत होती ते बरोबर होतं. आम्ही थर्माकोल न घेताच घरी आलो.

पुढचं तिनं जेवताना सांगितलं.

"मला सगळ्यांची थुंकी पाहिजे."

आत्तींचा घास हातातच राहिला. "शिव शिव! जेवताना काय बोलालीस गं पोरी?"

"थुंकी नाही आजी, चुकलं. गालाच्या आतलं पाहिजे. काडीनं खरवडायचं, काचेवर लावायचं, आयोडीन घालायचं. मग शाळेतल्या मायक्रोस्कोपमधून पेशी दिसतात. एका बाजूला ग्रह आणि एका बाजूला पेशी. ग्रह होताना पुष्कळांचा एक होतो आणि आपण होताना एकाचे पुष्कळ होतात. मीच शोधलंय हे."

"कवळी काढून देऊ का ठेवून?" आत्ती म्हणाल्या. गिरिजाला हसू फुटलं, मलाही.

महांतेश हसला नाही. दुधात कुस्करलेली भाकरी चमच्यानं खात होता. गेले काही महिने तो असंच खायचा. ठेचा बंद, आमटीसुद्धा पांढरी. विचारलं की म्हणायचा, "ॲसिडिटी झालीय." पूर्वी जिन्यातून वर येताना शीळ घालायचा, तीही ऐकू येईनाशी झाली होती. मी सगळं बघत होते. बघणं हा माझा स्वभावच. पण मी बघत होते त्या माव्याच्या पुड्या.

त्याआधीच्या दिवाळीत त्याची पँट भिजवली तर बादलीभर पाणी कातासारखं लाल झालं. खिशात मावा राहिला होता. त्याच पाण्यात गिरिजाचा शाळेचा पांढरा शर्ट होता. मी ती बादली तशीच उचलून त्याच्यासमोर नेऊन ठेवली. त्यानं गिरिजाला जवळ ओढलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हिची शपथ. आजपासून बंद." पोरीला वाटलं, पप्पा लाड करतायत. ती त्याला बिलगली. तो तोंड उघडून बोलला तेव्हा त्या वासाचा भपका तिच्या केसांत शिरलेला मला दिसल्यासारखा झाला.

तेव्हापासून मी त्याचे शर्ट धुवायच्या आधी हुंगत असे. कॉलर, खिसा, बाही. स्वतःचीच शिसारी येते असं काहीतरी करताना, तरी हात थांबत नाही. एका शर्टाला वेलदोड्याचा वास आला तरी माझा दिवस जायचा. वेलदोडा कशाला खाल्ला? काय झाकायला?

काड्या दिल्या गेल्या. आत्तींनी खरंच कवळी काढून गाल खरवडून दिला. मी दिलं. गिरिजानं स्वतःचं घेतलं. काचपट्टीवर चिठ्ठ्या चिकटवल्या: आजी, मम्मी, मी. चौथी पट्टी रिकामी राहिली.

"पप्पा, द्या ना."

"उद्या देतो."

"पप्पा, आज तरी."

"अगं, सुताचा बीम उतरवायचाय मागावरनं खाली. संध्याकाळी."

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी ती काडी घेऊन जिन्यात अडवून बसली. तो वैतागला, काडी हिसकली आणि आत देवघराकडे गेला. थोड्या वेळानं तोंड पुसत बाहेर आला. काडीच्या टोकाला ओलसर, पांढुरकं काहीतरी होतं.

"घे बाई. झालं समाधान?"

तिनं ते काचेवर पसरलं, फुंकर मारून वाळवलं आणि चिठ्ठी लावली: पप्पा. मला तिच्या बोटांना लागलेल्या त्या ओलाव्याचीच किळस आली. हात धू म्हणून मी ओरडले. दुसरं काही माझ्या मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये थर्माकोलच्या सूर्यमालांची रांग लागली होती. गिरिजाच्या टेबलावर परातीत तुसाचे गोळे होते, लहानापासून मोठ्यापर्यंत, मध्ये पिवळा बल्ब. शेजारी मायक्रोस्कोप. मी त्या पिंकेच्या गोळ्यावर नजर जाऊ नये म्हणून दुसरीकडे बघत उभी होते. एक बाई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "शी! कचरा मांडलाय की हो." मला त्यांचा राग यायला हवा होता. मला त्यांचं पटलं.

गिरिजा मात्र अखंड बोलत होती. पोरं डोळा लावून बघत होती. "ही माझी आजी. चपटी पेशी, मध्ये ठिपका दिसतो तो केंद्रक. पेशी पेशीपासूनच होते, बाहेरून येत नाही. ही मम्मी. आणि आता गंमत बघा. हे माझे पप्पा!"

"आयला! ह्यात गोटे आहेत," एक पोरगा म्हणाला.

"गोटे नाहीत, ग्रह आहेत!" गिरिजाचा आवाज चढला होता. "आमच्या घरात फक्त पप्पांच्या पेशीत ग्रह आहेत. निळे-काळे. मी सकाळी बघितलं तेव्हा मला पण खरं वाटेना."

तिनं त्या काचेपुढं रंगीत पेननं पाटी लावली होती: पप्पांच्या पेशीत ग्रह तयार होत आहेत.

मी पुढं झाले. डोळा लावला. आणि कॉलेजची प्रयोगशाळा, आयोडीनचा वास, सगळं एकदम आठवलं. मोठ्या, फुगीर, पिशवीसारख्या पेशी. भोवती स्वच्छ रेघ, भिंतीची. आत ठासून भरलेले निळे-काळे दाणे. आयोडीननं निळा होतो तो पिष्टाचा दाणा, आणि माणसाच्या गालात असले दाणे भरलेल्या, भिंतीच्या पेशी नसतात.

मी मान वर केली तेवढ्यात परीक्षक येऊन ठेपले. देशिंगकर सर, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या मागे गिरिजाच्या वर्गशिक्षिका पोतदार बाई, आणि त्यांच्या मागे, इस्त्रीचा शर्ट घातलेला महांतेश, नुकताच आलेला. सरांनी परातीकडे बघितलं, गिरिजाचं ऐकलं, "वा!" म्हणाले. मग चौथ्या काचेला डोळा लावला आणि बराच वेळ वर बघेनात.

"बाळ, हे काय आहे?"

"माझे पप्पा."

"हे केळं आहे."

पोरं खदखदून हसली. कुणीतरी ओरडलं, "गिरिजाचा पप्पा केळं!"

"नाही सर. पप्पांनीच दिलंय."

"भिंत दिसतेय की नाही पेशीला? आपल्या पेशीला भिंत नसते. इतकं छान केलंयस सगळं, मग खोटं कशाला मांडायचं?"

"मी खोटं नाही मांडलं!"

पोतदार बाईंनी तिचा खांदा दाबला. "गिरिजा, सरांना उलट बोलायचं नाही. चुकलं म्हण आणि ती पाटी काढ."

गिरिजानं मागं बघितलं. तिला पप्पा दिसले आणि तिचा चेहरा उजळला. मला तो क्षण अजून सहन होत नाही. तिला वाटलं, सुटले.

"पप्पा, सांगा ना सरांना! तुम्हीच दिलं ना?"

सगळ्यांच्या माना वळल्या. महांतेशनं गालात हसून घेतलं. तोंड न उघडता, नुसते ओठ ताणून. "पोरं आहेत सर," तो म्हणाला. "झाली असंल गडबड. केळं-बिळं खाल्लं असंल हातानं."

आयुष्यात किळसवाण्या गोष्टी मी पुष्कळ बघितल्यात. मागाखालची पिंक, बादलीतलं लाल पाणी. त्या हसण्यापुढं ते सगळं गंगाजळ होतं.

गिरिजा रडली नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

"अहो," मी म्हणाले, "सांगा."

"काय सांगू?"

"काडीला काय लावलंत ते."

"इथं कशाला तमाशा? घरी बोलू की."

"ती इथं खोटी ठरतेय. घरी नाही."

तो काही बोलणार तोच गिरिजानं डब्यातून नवी काडी काढली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "पप्पा, आत्ता द्या. आ करा."

"आत्ता नको गं, चहा घेऊन आलोय."

"चालतंय. आ करा."

हॉलमध्ये इतर टेबलांवर गलका चालू होता, आमच्यापाशी मात्र पोरं पुढं सरकून बघत होती. त्यानं तोंड उघडलं.

"अजून."

त्यानं मान मागं केली.

"अजून करा ना पप्पा. काडी आत वळत नाही."

"एवढंच होतंय," महांतेश म्हणाला.

"नीट उघडा ना!"

"उघडत नाही गं."

देशिंगकर सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांचा आवाज बदलला होता. "बोटं उभी धरून आत घाला बघू. तीन."

एक गेलं. दुसरं दातात अडलं. तिसऱ्याचा प्रश्नच नव्हता.

मी वाकून आत बघितलं. इतके दिवस शर्ट हुंगणाऱ्या मी एकदाही आत बघितलं नव्हतं, आणि त्यानंही बघू दिलं नव्हतं. गाल आतून पांढरा, दुधावर साय धरावी तसा. साईखाली ताठ दोऱ्या, उभ्या, मागावरच्या ताण्यासारख्या. आणि अगदी मागे, दाढेजवळ, लालसर खरबरीत असं काहीतरी, काठ उचललेलं. वेलदोडा, चुना आणि कुजका ओलावा, तिन्हींचा मिळून एक वास आला. मी खिडकीशी गेले, गज धरले आणि तोंडावर रुमाल दाबला. बायकोला अशा वेळी आधी रडू यायला हवं. मला आधी ओकारी आली.

मागे गिरिजाचा आवाज ऐकू येत होता. "हलू नका हां पप्पा. दुखलं?" थोड्या वेळानं, "रक्त आलं थोडं. थांबा, पुसते." मी वळून बघितलं. ती आपल्या गणवेशाच्या रुमालानं त्याचे ओठ टिपत होती. हात धुवायचं मी तिला सांगितलं नाही.

"पोरगी खरं बोलत्या सर," महांतेश म्हणाला. आवाज घोगरा, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "केळं मीच घासलं काडीला. देवापुढचं."

"का पण?" पोतदार बाई म्हणाल्या.

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग काचेकडे. "मला वाटलं, ह्यात दिसंल."

"काय दिसेल?"

"मावा. पेशीत उतरला असंल म्हटलं. ही बघंल, हिची आई बघंल. शपथ घेतलीवती पोरीची."

कुणी हसलं नाही. गिरिजानं सरांना विचारलं, "दिसतो का ओ सर?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाले, "नाही बाळ. या शाळेच्या मायक्रोस्कोपमध्ये मावा दिसत नाही. कुणाला काही कळलं नसतं."

महांतेशला ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो बाजूच्या बाकावर बसला. खरी काडी दिली असती तर चार सारख्या चपट्या पेशी मांडल्या गेल्या असत्या, चार ठिपके, चार चिठ्ठ्या, आणि त्याचं तोंड मिटलेलंच राहिलं असतं, आणखी वर्षभर, दोन वर्षं, किती कुणास ठाऊक. सर त्याच्याजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, "उद्याच मिरजेला मोठ्या दवाखान्यात जा. सोमवार बघू नका, अमावास्या बघू नका. उद्याच."

गिरिजानं स्वतःच ती पाटी काढली. तिला बक्षीस मिळालं नाही. थर्माकोलच्या सूर्यमालेला मिळालं, जिच्यात शनीला कडीच नव्हती.

मिरजेला गालाचा तुकडा काढून तपासला. ज्याची भीती होती तो कॅन्सरच निघाला, पण लहान होता, आजूबाजूचं ओढायला लागायच्या आधीचा. गालाचा तो भाग काढला. महांतेश आज आहे. बोलताना एका बाजूला शब्द अडकतात, घास लहान घ्यावा लागतो. लोक मला म्हणतात, तुम्ही धीराच्या, सगळं केलंत. केलं. जखम धुतली, नळीनं दूध घातलं, लाळ पुसली. प्रत्येक वेळी नाकाला पदर लावला आणि प्रत्येक वेळी केलं. किळस गेली नाही, आणि ती जावी असं मला कधी वाटलंही नाही. त्या दिवशी हॉलमध्ये तो जो हसला, त्याची ती किळस आहे. गालासारखी ती कापून काढता येत नाही.

पण मला राहून राहून आठवते ती मिरजेची पहिली खेप. गिरिजा हट्टानं आली होती. डॉक्टर तरुण होते, कागदावर लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "लक्षात कसं आलं? तुम्हाला दुखत होतं का?"

मला वाटलं, तो 'हो' म्हणेल. सोपं होतं. मान हलवली असती तरी भागलं असतं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. कोणत्या चेहऱ्यानं तो खोटं बोलतो ते मला पुन्हा बघायचं नव्हतं.

"नाही," महांतेश म्हणाला. "ह्या पोरीनं पकडलं."

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. शपथ, काडी, देवापुढचं केळं, हॉलमधली माणसं, पोरीला खोटं पाडून आपण कसे हसलो ते. काही गाळलं नाही. उघडत नव्हतं त्या तोंडातून एकेक शब्द घासून बाहेर येत होता, हनुवटीवर लाळ ओघळत होती आणि डॉक्टर लिहायचे थांबले होते. मी खिडकीबाहेर रिक्षांची रांग बघत बसले. गिरिजा खुर्चीच्या टोकावर सरकून, तो थांबेपर्यंत, त्याच्या तोंडाकडे बघत होती.